मुखपृष्ठावरचा चंद्र, मलपृष्ठावरची जाहिरात

वार्षिक अंक हातात आला की वाचक आधी मुखपृष्ठ पाहतो, अंक उलटा करून मलपृष्ठ पाहतो आणि मग अनुक्रमणिकेकडे वळतो. समीक्षक मात्र अनुक्रमणिकेपासूनच सुरुवात करतो. कथा, कविता, लेख यांवर तो भरभरून लिहितो. मुखपृष्ठाच्या वाट्याला परीक्षणाच्या शेवटी 'मुखपृष्ठ आकर्षक व समर्पक आहे' एवढे एक वाक्य येते. जाहिरातींच्या वाट्याला तेही येत नाही. म्हणजे अंकाची जी पाने सर्वांत जास्त लोकांच्या डोळ्यांखालून जातात, तीच आपण सर्वांत कमी वाचतो. या लेखात आम्ही ती पाने वाचण्याचा प्रयत्न केला आहे. हे वाचन आम्ही सोलापुरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत, नववीच्या मुलामुलींबरोबर केले. वर्गातील बरीचशी मुले घरी दखनी बोलणारी, कष्टकरी मुस्लिम वस्तीतली होती. आम्ही तिघेही पेशाने शिक्षक. त्यामुळे मुलांच्या चुकांबरोबर आमच्याही चुका या लेखात येतील.

निमित्त पाठ्यपुस्तकाचे होते. दहावीच्या मराठी कुमारभारतीत उपयोजित लेखनामध्ये 'जाहिरात लेखन' हा घटक आहे. ठसठशीत मथळा, यमक जुळवलेल्या दोन ओळी, वस्तूचे गुण, सवलत, पत्ता आणि संपर्क क्रमांक एवढे आले की विद्यार्थ्याला गुण मिळतात. मुले हे काम हौसेने करतात. पण जाहिरात लिहावी कशी हे शिकवणारी शाळा ती वाचावी कशी हे शिकवत नाही. या मुलांपैकी जाहिराती लिहून पोट भरणारे किती निघतील? वाचाव्या मात्र प्रत्येकालाच लागणार आहेत. पूर्वी छापील पानावर, आता हातातल्या मोबाइलवर. म्हणून आम्ही ठरवले की वर्गात दोन्ही कामे एकत्र करायची. मुलांनी स्वतः एका मासिकाचे मुखपृष्ठ तयार करायचे आणि जुन्या अंकांतील जाहिराती तपासायच्या.

ही दोन कामे एकत्र का, असा प्रश्न सहकाऱ्यांनी विचारला. त्याचे उत्तर नियतकालिकांच्या इतिहासातच आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक 1909 साली काढला आणि मराठीत वार्षिक विशेषांकांची परंपरा सुरू झाली. 'किर्लोस्कर' मासिकाचा जन्म तर कारखान्याच्या अंगणातला. 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघाले ते कारखान्याचा माल आणि गिऱ्हाईक यांचा संबंध जोडण्यासाठी. पुढे शंकरराव किर्लोस्करांनी त्याचे रूपांतर विचार आणि वाङ्मयाच्या मासिकात केले. हे संपादक स्वतः चित्रकार होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दीनानाथ दलालांनी 1945 पासून 'दीपावली' काढला, तेव्हा मुखपृष्ठ हेच अंकाचे मोठे आकर्षण ठरले. दलालांच्या चित्रातली स्त्री घराघरांत पोचली. मराठी मध्यमवर्गाने सौंदर्य कशाला म्हणावे, याचा एक नमुना या मुखपृष्ठांनी घालून दिला.

मुंबईतच एका मुस्लिम संपादकाने या क्षेत्रात जे केले ते मात्र मराठी वाचकांना फारसे ठाऊक नसते. हाजी महंमद अल्लारखिया शिवजी या खोजा गृहस्थांनी 1916 साली 'विसमी सदी' हे गुजराती सचित्र मासिक सुरू केले. शब्दाइतकेच चित्राला मोल द्यायचे, ही त्यांची जिद्द होती. रावबहादूर धुरंधरांसारख्या मराठी चित्रकाराची आणि रविशंकर रावळांसारख्या गुजराती चित्रकाराची चित्रे त्यांनी छापली. या हौसेपायी त्यांनी पदरचा पैसा ओतला. 1921 साली त्यांचे निधन झाले. त्याआधीच मासिक बंद पडले होते. मुसलमानाचा आणि चित्राचा संबंध काय, असे विचारणाऱ्या आपल्या आणि परक्या दोघांनाही हाजी महंमद यांचे नाव सांगायला हवे. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदवारीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवली, हेही सांगायला हवे. आमच्या शहरांत पाट्या रंगवणारे कितीतरी पेंटर मुसलमान होते. फ्लेक्स आले आणि त्यांचे ब्रश वाळले. वर्गातल्या एका मुलाचे वडील असेच पेंटर होते. आता ते रिक्षा चालवतात.

तर मुखपृष्ठ आणि जाहिरात ही सख्खी भावंडे आहेत. मुखपृष्ठ म्हणजे अंकाने स्वतःची केलेली जाहिरात. मलपृष्ठ म्हणजे अंकाने दुसऱ्याला विकलेली सर्वांत महाग जागा. पुढे आपण काय आहोत ते सांगायचे आणि मागे आपण कोणाच्या जिवावर उभे आहोत ते दाखवायचे, असा हा व्यवहार आहे.

वर्गात आम्ही सुरुवात रोलां बार्थ यांच्या एका उदाहरणाने केली. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकात हा फ्रेंच समीक्षक सांगतो की, तो न्हाव्याच्या दुकानात बसला असताना त्याच्या हाती 'पॅरी-मॅच' साप्ताहिकाचा अंक आला. मुखपृष्ठावर फ्रेंच लष्करी गणवेशातला एक कृष्णवर्णी मुलगा सलाम ठोकत होता. दिसते ते एवढेच. पण चित्र सांगते ते वेगळेच: फ्रान्स हे थोर साम्राज्य आहे, त्याची सगळी लेकरे वर्णभेद न मानता त्याच्या झेंड्याखाली इमानाने उभी आहेत. ज्या काळात अल्जीरियात फ्रेंच सत्तेविरुद्ध लढाई पेटली होती, त्या काळात हे चित्र छापले गेले. मुलांना अल्जीरिया नकाशावर दाखवावा लागला. पण न्हाव्याचे दुकान समजावून सांगावे लागले नाही. एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्या सलूनमध्ये पण असल्या फोटोंची पुस्तकं असतात. नंबर येईपर्यंत आम्ही बघतच बसतो." बघत बसणे आणि वाचणे यांत फरक आहे, हे आम्हांला सांगायचे होते ते त्याने सोपे करून दिले.

दुसरे साधन आम्ही अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाकडून घेतले. जाहिरातींतील स्त्री-पुरुषांच्या चित्रांवरचे त्याचे पुस्तक 1979 साली निघाले. जाहिरातीत पुरुषाचा हात वस्तू घट्ट धरतो, बाईची बोटे वस्तूवरून नुसती फिरतात. पुरुष उंच असतो, बाई कललेली असते. पटत नसेल तर चित्रातल्या बाईच्या जागी पुरुष आणि पुरुषाच्या जागी बाई आहे अशी कल्पना करून पाहा, असे तो सुचवतो. मुलांनी ते करून पाहिले. फ्रिजच्या उघड्या दारापाशी मान वाकडी करून हसणारा बाप आणि सोफ्यावर वर्तमानपत्र वाचणारी आई, एवढी कल्पना केल्याबरोबर वर्ग हसू लागला. हसू ओसरल्यावर एका मुलीने विचारले, "पण मग आधीच्या चित्राला आपण का हसलो नाही?" आमच्या मते त्या महिन्यात वर्गात विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न होता.

मग गोरेपणाच्या क्रीमची पाळी आली. 'फेअर अँड लव्हली' हे उत्पादन 1975 साली बाजारात आले आणि 2020 साली त्याच्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. जुन्या अंकांतील या जातीच्या जाहिराती मुलांनी क्रमाने लावल्या. सावळी मुलगी उदास, गोरी मुलगी आनंदी; नोकरी आणि नवरा गोरीला मिळणार. जॉन बर्जर यांनी 1972 सालच्या 'वेज ऑफ सीइंग'मध्ये मांडलेला मुद्दा इथे उपयोगी पडला. जाहिरात आधी माणसाकडून त्याचे स्वतःवरचे प्रेम काढून घेते आणि मग वस्तूच्या किमतीत तेच त्याला परत विकते. ही ओळ आम्ही फळ्यावर आमच्या शब्दांत लिहिली, तेव्हा मागच्या बाकांवरच्या दोघी-तिघी मुली एकदम गप्प झाल्या. का ते आम्ही विचारले नाही.

खरी परीक्षा मुखपृष्ठाच्या वेळी झाली. 'आपल्या वस्तीचे मासिक' असा विषय आम्ही दिला. ज्यांना चित्र काढता येत नाही त्यांनी जुन्या अंकांतली चित्रे कापून चिकटवावीत, अशी सोयही दिली. ही आमची चूक होती. पण तिच्यामुळेच पुढचे सारे उघड झाले. मुले कात्र्या घेऊन बसली आणि थोड्याच वेळात तक्रारी सुरू झाल्या. रद्दीच्या त्या गठ्ठ्यात त्यांना हवे असलेले चेहरे नव्हते. स्वयंपाकघर होते ते टाइल्सचे. आजी होती ती नऊवारीतली, चांदीचे ताट हातात धरलेली. शिवणयंत्रावर वाकलेली बाई नव्हती, पंक्चर काढणारा माणूस नव्हता, यंत्रमागावरचा कामगार नव्हता. शेवटी तयार झालेल्या मुखपृष्ठांवर आमच्या वस्तीचे नाव मोठ्या अक्षरांत होते आणि त्याखाली साबणाच्या, सोन्याच्या आणि सदनिकांच्या जाहिरातींतली माणसे हसत होती.

या गठ्ठ्यात मुसलमान कुठे सापडतो, हे शोधायला आम्ही मुलांना सांगितले. बिर्याणीच्या मसाल्याच्या एका जाहिरातीत जाळीची टोपी घातलेला आचारी मिळाला. ईदच्या शुभेच्छांच्या चौकटी मिळाल्या. आणि सर्वांत ठळकपणे मिळाले ते छोट्या जाहिरातींतले बाबा: वशीकरण, प्रेमविवाह, करणी, सवतीपासून सुटका, काम झाल्यावरच पैसे. घर घेणारा, विमा उतरवणारा, मुलीला संगणक घेऊन देणारा मुसलमान एकाही पानावर नव्हता. वास्तविक 1954 च्या औषधे आणि चमत्कारिक उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने ताईत, मंत्र, कवच यांच्या बळावर रोग बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई केली आहे. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदाही आहे. तरी या चौकटी वर्षानुवर्षे छापल्या गेल्या. छापणारे आणि वाचणारे दोन्हींत आपणही आहोत, हे मान्य करावे लागेल. पाव कॉलमची ती जाहिरात एका समाजाची ओळख ठरवत असते.

आणि मुसलमान सरळ, साधा गिऱ्हाईक म्हणून दिसला तर काय होते, हेही आपण पाहिले आहे. 2020 च्या ऑक्टोबरात तनिष्कने एक चित्रफीत प्रसारित केली होती. तीत मुस्लिम सासर हिंदू सुनेचे डोहाळजेवण तिच्या रीतीने करते, असे दाखवले होते. त्यावर गदारोळ उठला आणि कंपनीने ती मागे घेतली. दागिने विकणे हाच त्या जाहिरातीचाही हेतू होता, तिला समाजसेवा म्हणण्याचे कारण नाही. पण मुसलमानाचे घर हे सुखी घर असू शकते, एवढी गोष्टही काहींना सोसली नाही.

इथवर आमचे बोट दुसऱ्यांकडे होते. पुढच्या तासिकेला आम्ही कात्र्या काढून घेतल्या आणि मुलांना कोरे कागद दिले. या वेळी विषय होता 'मुस्लिम लेखकांच्या मराठी वार्षिक अंकाचे मुखपृष्ठ'. बहुतेक कागदांवर चंद्रकोर उगवली. तिच्याखाली मिनार, घुमट, दुआसाठी उचललेले हात. वर्गातल्या हिंदू मुलांनी तेच काढले, मुसलमान मुलांनीही तेच काढले. "तुझ्या घरातून मिनार दिसतो का?" असे एकाला विचारले तर म्हणाला, "नाही सर, पाण्याची टाकी दिसते. पण मुसलमानांचा अंक म्हटल्यावर चंद्र पाहिजेच ना!"

त्या मुलाला दोष कसा द्यावा? संध्याकाळी आम्ही आमच्या संग्रहातले जुने अंक, विशेषांक, संमेलनांच्या स्मरणिका काढून सतरंजीवर मांडल्या. तिथेही चंद्र, मिनार, उचललेले हात आणि बुरख्यातून पाहणारे दोन डोळे. आत काय आहे? तलाकपीडित स्त्रीची कथा, दंगलीनंतर घर भाड्याने न मिळालेल्या कारकुनाची कविता, दखनी म्हणींवरचा लेख, मुस्लिम ओबीसींच्या प्रश्नावरची चर्चा. 1990 साली याच सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच्याही आधीपासून आमचे लेखक सांगत आले आहेत की आम्ही या मातीतले आहोत, आमचे जगणे धर्माच्या एका चौकटीत मावत नाही. आत लेखकाने साचा मोडायचा आणि बाहेर मुखपृष्ठाने तो पुन्हा जोडायचा, असा हा विचित्र प्रकार आहे.

चंद्रकोरीचे समर्थन होऊ शकते, ते आम्ही नाकारत नाही. स्टॉलवर शंभर अंकांत आपला अंक ओळखू यावा लागतो. ज्या काळात आपले नावच संशयाने घेतले जाते, त्या काळात आपली खूण उघडपणे मिरवणे यात धैर्यही आहे. चंद्र आमचा आहे आणि सुंदर आहे. अडचण आहे ती चंद्राशिवाय दुसरे काही न सुचण्याची. दुसऱ्याने आपल्याला ओळखण्यासाठी जी खूण ठरवली, तिच्यानेच आपण स्वतःला ओळखू लागलो तर जाहिरातीतल्या त्या टोपीवाल्या आचाऱ्यावर टीका करण्याचा आपला हक्क कमी होतो.

चंद्र न काढणारी एक मुलगी वर्गात होती. तिने दोन हात काढले होते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कापलेली पाने, आणि बोटांत अर्धी वळलेली बिडी. सोलापुरात हजार बिड्यांच्या हिशेबाने मजुरी घेणाऱ्या बायका घरोघर आहेत. तिची आई त्यांतली एक. चित्रात चेहरा नव्हता. नखांच्या कडा मात्र तिने पेन्सिलीने काळजीपूर्वक काळ्या केल्या होत्या.

चित्रावरून वर्गात वाद झाला. एका मुलाने हरकत घेतली की ही बिडीची जाहिरात झाली आणि तंबाखूच्या जाहिरातीला बंदी आहे. त्याचे म्हणणे अगदीच बिनबुडाचे नव्हते. 2003 च्या कायद्याने तंबाखूजन्य पदार्थांच्या जाहिरातींना मनाई आहे आणि पाकिटांवर मोठी सचित्र सूचना छापावी लागते. गेल्या काही तासिकांत आम्हीच त्याला असे प्रश्न विचारायला शिकवले होते. मुलगी म्हणाली, "हे बिडीचं चित्र नाही. अम्मीचं आहे." दुसरी म्हणाली, "बिडीच्या जाहिरातीत अम्मीचे हात असतात का? असते तर कोणी घेतली असती का?" मग चर्चा वेगळ्याच दिशेने गेली. जाहिरात वस्तू दाखवते आणि ती करणारे हात झाकते. हे चित्र हात दाखवते, म्हणून ते जाहिरात होऊ शकत नाही, असा निष्कर्ष मुलांनीच काढला. हरकत घेणाऱ्याने मान्य केले, पण एक अट घातली. आतल्या पानावर बिडीकामगारांच्या आजारांवर लेख असला पाहिजे, नाहीतर हे मुखपृष्ठ खोटे ठरेल. मुखपृष्ठ आणि आतला मजकूर यांच्या नात्याबद्दल इतके नेमके विधान आम्ही मराठी समीक्षेत क्वचितच वाचले आहे.

शेवटच्या तासिकेला आमच्याच अंकांतील जाहिराती वाचायला घेतल्या. पतसंस्था, दवाखाने, बांधकाम व्यावसायिक, आणि हात जोडलेले पुढारी. 'रमजान ईदच्या हार्दिक शुभेच्छा' आणि खाली छायाचित्र, कधी नेत्याचे मोठे आणि शुभेच्छुकाचे छोटे. "इथे विकायला काय आहे?" असे आम्ही विचारताच चार-पाच जण एकदम ओरडले, "मत!" नंतर पेंटरच्या मुलाने विचारले, "सर, ज्याने जाहिरात दिली त्याच्याविरुद्ध अंकात लेख आला, तर तो पुढच्या वर्षी देईल का?"

या प्रश्नाला आम्ही वर्गात नीट उत्तर दिले नाही, तास संपल्याचे निमित्त केले. इथे देतो. बहुधा देणार नाही. छोटे अंक वर्गणीवर चालत नाहीत. कागद, छपाई आणि टपाल यांचा खर्च जाहिरातीतूनच निघतो. मलपृष्ठ कोणाला दिले यावरून कोणता लेख पुढच्या वर्षावर गेला, हे संपादकाला ठाऊक असते आणि लेखकाला कळते. यात कोणा एकाला गुन्हेगार ठरवण्यात अर्थ नाही. पण जो प्रश्न नववीतला मुलगा विचारतो, तो आपल्या समीक्षेने आजवर विचारलेला नाही, याची खंत वाटायला हवी.

आमच्या प्रयोगाच्या मर्यादा आम्हांला दिसतात. जाहिरातींचा गठ्ठा आमच्या घरच्या रद्दीतला होता, म्हणजे त्यात आमचीच निवड होती. स्वच्छ कागद आणि सरळ रेघा पाहून गुण देण्याची आमची खोड गेली नाही. बिडीच्या चित्राला आमच्यापैकी एकाने आधी कमी गुण दिले होते, कारण कागदावर खाडाखोड होती. शिवाय वर्गात जाहिरात उलगडून दाखवणारी मुलगी घरी जाऊन तेच क्रीम लावत नसेल, असा दावा आम्ही करणार नाही. तिला आता चित्राला प्रश्न विचारता येतात, एवढेच आम्ही सांगू शकतो.

संपादकांना आमची सूचना साधी आहे. येत्या अंकांच्या वेळी एखाद्या शाळेत कोरे कागद पाठवावेत. मुलांनी काढलेली सगळी मुखपृष्ठे टेबलावर मांडावीत, आणि चंद्र नसलेली चित्रे बाजूला काढून जरा वेळ पाहावीत. त्यांतले एखादे छापावे. खर्च वाढणार नाही.

बिडीचे ते चित्र आम्ही त्या मुलीकडे मागितले. तिने दिले नाही. म्हणाली, "अम्मीने भिंतीला लावलंय."